तीन दातांची फट

दार कडुनिंबाचं होतं आणि घाईचं होतं.
मोनप्पा पांचाळ सांगत होता,
फळ्या अजून दोन उन्हाळे पडू दे वखारीत,
पण अक्काचं लग्न फाल्गुनात
आणि पाहुण्यांसमोर नुसता पडदा बरा दिसेना,
म्हणून ओल्या लाकडावरच रंधा फिरला.
ढलप्या इतक्या दमट की चूल धरेना.

वैशाखात सोलापूर त्रेचाळिसाला गेलं
आणि दोन फळ्यांच्या मधून
शेजारच्या मागांचा खडखडाट आत यायला लागला,
मागोमाग उजेडाची एक काडी,
तिच्यात तरंगणारी कापसाची तूस.
नाना फणी घेऊन आले. फटीला लावली.
तीन दात.
मोजायला त्यांच्याकडे दुसरं काही नसायचंच.

मोनप्पा आला. फटीत नख घालून बघितलं.
म्हणाला, नरसय्या, तुझी चादर भिजली की आटते,
माझं लाकूड सुकलं की.
आपण भागीत दुकान टाकलं असतं
तर गिऱ्हाइकाला बाराही महिने तोंड दाखवता आलं नसतं.

नाना हसले नाहीत. आई हसली,
ओल्या फडक्यातून विडीचं पान काढता काढता.
कोरडं पान कातरीखाली तडकतं
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
नीळ्ळू, एवढंच म्हणाली.
आमच्या घरी पाण्याला नीळ्ळू म्हणतात.

बुजवू नका, मोनप्पा उंबऱ्यावरून म्हणाला,
भाद्रपदात लाकूड आपली जागा परत मागायला येईल.

*

वीस वर्षांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत
त्याच दाराच्या तळातून तासलेली चीप
मी ब्लेडने कापली, कांद्याच्या पापुद्र्याएवढी,
सॅफ्रॅनिनमध्ये बुडवून भिंगाखाली ठेवली.
लालसर, लांबुळक्या, उभ्या नळ्या.
त्यांच्या भिंतींत धागे असतात
ते माझ्या भिंगाला दिसत नाहीत,
ते पुस्तकावर विश्वास ठेवून बघायचे:
जवळजवळ सगळे उभे, ताण्यासारखे.

पाणी दोन ठिकाणी राहतं.
पोकळीतलं आधी जातं,
ते गेल्याचं दाराला कळतसुद्धा नाही.
मग भिंतीतलं निघतं, धाग्याधाग्यामधलं,
आणि धागे एकमेकांना चिकटतात
जसे आम्ही तिघं पौषात एका चादरीखाली.
तेव्हा रुंदी जाते.
लांबी जात नाही.
उभा धागा आटेल कशात?

गाभ्याकडून सालीकडे आरे जातात, बाण्याचे धागे,
ते त्या दिशेला थोडं आवरून धरतात.
वर्तुळांच्या अंगाने आवरणारं कुणी नाही,
तिथे जवळपास दुप्पट.
मोनप्पाला दुप्पट माहीत होतं,
आकडा माहीत नव्हता.
परीक्षेत मी आकडा लिहिला, मोनप्पा लिहिता आला नाही.

*

आषाढातल्या एका रविवारी टेप घेऊन घरी गेले.
चौकट अंगाने इतकी आटलेली
की भिंतीपासून सुटून बोटभर सिमेंट मागते आहे.
पण तिच्या उभ्या बाजूवर पेन्सिलच्या खुणा आहेत.
अक्का. मी.
आणि अंबादास, अकरा वर्षांचा,
श्वास रोखून, टाचा उचलून उभा राहिलेला,
बाजूला नानांच्या हातचं चार फूट सहा.

अंबादास भिवंडीला असतो. फोन उचलत नाही.
मी टेप लावला.
चार फूट सहा.
इतके उन्हाळे गेले,
लाकडाने त्याच्या टाचांचं खोटंसुद्धा
केसभर कमी केलेलं नाही.

फट किती आहे गं, नानांनी खाटेवरून विचारलं.
टेप पुढे केला तर हात हलवला.
खिळ्याला टांगलेली फणी उतरवून दिली,
माग विकताना तेवढी ठेवली होती.
मी लावली, दिवा जवळ नेऊन बघितलं.

दीड, म्हटलं.
हं, ते म्हणाले. अजून येईल.